चालू प्रणालीत जँगोचे यूजर मॉडेल बदलणे : जॉबवर्क चलन प्रकल्पाच्या नोंदी

प्रणाली : वागळे इस्टेट आणि रबाळे-महापे पट्ट्यातले गाळे एकमेकांकडे जॉबवर्कला (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) माल पाठवतात, त्याची डिलिव्हरी चलने, गेटवरची आवक-जावक आणि परत आलेल्या मालाचा हिशेब.
सरंजाम : जँगो ५.२ (वेब ॲप बनवायचा पायथनमधला सांगाडा), पायथन ३.१२, पोस्टग्रेस १६ (डेटाबेस). मॉडेल म्हणजे डेटाबेसच्या टेबलाचे कोडमधले वर्णन. यूजर मॉडेल, म्हणजे खात्यांचे, आजवर जँगोचे आयते : लॉगिन आणि परवानग्या सांभाळणाऱ्या 'ऑथ' ॲपमधले.

४ ऑगस्ट २०२५

मागण्या तीन. मोबाइल नंबर टाकून लॉगिन व्हावे, चलनावर माणसाचे पूर्ण नाव मराठीत छापावे, आणि स्क्रीनची भाषा प्रत्येकाने आपापली निवडावी.

केवळ नाव आणि भाषा एवढेच असते तर वन-टू-वन प्रोफाइल टेबलावर (प्रत्येक यूजरमागे एक ओळ असलेल्या वेगळ्या टेबलावर) भागले असते आणि या नोंदी लिहायची वेळ आली नसती. मोबाइल आला की चित्र बदलते. लॉगिनच्या वेळी ज्यावरून माणूस शोधायचा तो कॉलम एका टेबलात आणि पासवर्ड दुसऱ्यात, हे चालते पण रोज टोचते. चलनांच्या प्रत्येक यादीत 'सिलेक्ट_रिलेटेड' (जोडलेले टेबल त्याच क्वेरीत वाचणे) लावायची आठवण ठेवावी लागते, नाहीतर प्रत्येक ओळीमागे एक जादा क्वेरी पडते. शिवाय ज्याचे प्रोफाइल तयारच झाले नाही अशा एखाद्या जुन्या खात्यापाशी 'रिलेटेड ऑब्जेक्ट डझ नॉट एक्झिस्ट' म्हणून पान कोसळते. प्रॉक्सी मॉडेलचा, म्हणजे त्याच टेबलावरच्या दुसऱ्या वर्गाचा, इथे उपयोग नाही, त्यात नवा कॉलम घालता येत नाही.

तेव्हा यूजर मॉडेलच बदलायचे. ही सोय जँगोत १.५ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. जँगोचे दस्तऐवज वर्षानुवर्षे बजावून सांगत आले की नव्या प्रकल्पात आयते मॉडेल पुरेसे वाटले तरी पहिल्याच दिवशी स्वतःचे मॉडेल करून ठेवा, कारण टेबले तयार झाल्यावर ते बदलणे किचकट आहे. किचकटपणा कोडमध्ये फारसा नाही. तो आहे मायग्रेशनच्या (टेबलांची रचना बदलणाऱ्या फाइलींच्या) इतिहासात आणि कंटेंट टाइपच्या (मॉडेलांच्या यादीच्या) टेबलात, आणि तिथे हाताने हिशेब जुळवावा लागतो.

नव्या मॉडेलचा आधार जँगोचा 'ॲब्स्ट्रॅक्ट यूजर', त्यात आयत्या यूजरचे सगळे कॉलम असतात. 'ॲब्स्ट्रॅक्ट बेस यूजर' घेतला तर यूजरनेम, ईमेल, 'इज_स्टाफ', मॅनेजर असे सगळे पुन्हा मांडावे लागते आणि परवानग्यांसाठी 'परमिशन्स मिक्सिन' वेगळा जोडावा लागतो. चालू डेटाबेसमध्ये कॉलम आहेत तसेच ठेवायचे असताना तो खटाटोप कशाला?

यूजरच्या टेबलात काय घालायचे नाही हेही आजच ठरवले. गाळा नंबर नाही, हुद्दा नाही. एकाच मालकाचा एक गाळा वागळेत आणि दुसरा महापेला असतो. पहिल्या ठिकाणी तो मालक, दुसऱ्या ठिकाणी भावाच्या नावावरच्या धंद्यात नुसता चलनावर सही करणारा. म्हणून गाळा-सदस्यत्वाचे वेगळे टेबल : यूजर, गाळा, भूमिका, कधीपासून, कधीपर्यंत. यूजरमध्ये माणसाची ओळख तेवढी.

६ ऑगस्ट

आज फक्त शोधाशोध. कोडमध्ये 'जँगो.कॉन्ट्रिब.ऑथ.मॉडेल्स' मधून थेट 'यूजर' आयात केलेल्या जागा काढल्या. त्यांचे चार प्रकार निघाले आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

मॉडेलमधल्या फॉरेन कीजना (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमना) 'सेटिंग्ज.ऑथ_यूजर_मॉडेल' ही स्ट्रिंग द्यायची, म्हणजे कुठले यूजर मॉडेल वापरायचे ते सांगणारे सेटिंग. व्ह्यू आणि सर्व्हिस कोडमध्ये 'गेट_यूजर_मॉडेल()'. हे दोन सोपे.

फॉर्म्स जरा अवघड. 'यूजर क्रिएशन फॉर्म' जँगोच्या यूजरला बांधलेला आहे. तो ॲडमिनबाहेर (ॲडमिन म्हणजे जँगोची आयती व्यवस्थापनाची पाने), म्हणजे आपल्या 'नवा सदस्य जोडा' पानावर थेट वापरलेला असेल तर मॉडेल बदलल्यावर तो 'मॅनेजर इज्न्ट अव्हेलेबल' असा अडतो. त्याचा उपवर्ग करून मेटामध्ये नवे मॉडेल द्यावे लागते. 'ऑथेंटिकेशन फॉर्म' मात्र कुठल्याही यूजर मॉडेलवर चालतो. ॲडमिनमधला 'यूजर ॲडमिन'सुद्धा 'ॲब्स्ट्रॅक्ट यूजर'च्या वारसाला चालतो. नवे मॉडेल ॲडमिनला जोडताना तोच घ्यायचा, साधा 'मॉडेल ॲडमिन' घ्यायचा नाही. साध्यामध्ये पासवर्डची चौकट नुसती मजकुराची राहते, त्यात लिहिलेले हॅश (उलट न फिरवता येणारे रूप) न होता जसेच्या तसे साठते आणि त्या माणसाला लॉगिनही होत नाही.

चौथा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो तोंड उघडत नाही. 'पोस्ट_सेव्ह' सिग्नलचे रिसीव्हर, म्हणजे ओळ साठवल्यावर आपोआप चालणारी फंक्शन्स, सेंडर म्हणून जुना 'यूजर' वर्ग दिलेले. मॉडेल बदलल्यावर तो वर्ग कधी सेव्हच होत नाही, म्हणून रिसीव्हर कधी चालत नाही. एरर नाही, लॉग नाही. नव्या सदस्याला स्वागताचा एसएमएस जात नाही एवढेच कळणार, तेही कुणी तक्रार केली तर. सेंडरच्या जागी सेटिंगची स्ट्रिंग चालते, ती दिली.

मायग्रेशनच्या जुन्या फाइलींत मात्र फारसे करायचे नाही. मॉडेलमध्ये थेट 'यूजर' लिहिलेला असला तरी मायग्रेशन लिहिताना जँगोने तो बदलता येण्याजोगा ओळखून सेटिंगचाच संदर्भ घातलेला असतो, आणि अवलंबित्व 'स्वॅपेबल_डिपेंडन्सी' म्हणून. अपवाद हाताने लिहिलेल्या डेटा मायग्रेशनचा. एका 'रन पायथन'मध्ये 'ॲप्स.गेट_मॉडेल'ला 'ऑथ' आणि 'यूजर' असे दिलेले आहे. चालू सर्व्हरवर ते मायग्रेशन कधीच होऊन गेले, तिथे फरक पडत नाही. कोऱ्या डेटाबेसवर, म्हणजे टेस्ट चालवताना, तेच पहिले आडवे येते. सेटिंगमधून ॲप आणि मॉडेलचे नाव काढून तिथे दिले.

८ ऑगस्ट

चालू डेटाबेसच्या प्रतीवर पहिली फेरी. एक नियम सुरुवातीलाच : मॉडेल बदलण्याच्या पायरीत टेबलाच्या रचनेत काडीचाही बदल नाही. नवे कॉलम नंतर, वेगळ्या मायग्रेशनने. दोन्ही एकत्र केले तर काही बिघडल्यावर दोष कुणाचा हे शोधत बसावे लागते, आणि मागे फिरणेही जड जाते.

'अकाउंट्स' नावाचे नवे ॲप. त्यात 'यूजर' नावाचा वर्ग, आधार 'ॲब्स्ट्रॅक्ट यूजर', अंगात काही नाही. मेटा वर्ग 'ॲब्स्ट्रॅक्ट यूजर'च्या मेटावरून, आणि त्यात 'डीबी_टेबल' म्हणजे जुन्याच टेबलाचे नाव, 'ऑथ_यूजर'.

वर्गाचे नाव 'यूजर'च ठेवण्यामागे कारण आहे. ग्रुप्स आणि व्यक्तिगत परवानग्या यांची जोडटेबले 'ऑथ_यूजर_ग्रुप्स' आणि 'ऑथ_यूजर_यूजर_परमिशन्स' अशी आहेत. जोडटेबलाचे नाव मूळ टेबलाच्या नावावरून बनते, पण त्यातल्या कॉलमचे नाव वर्गाच्या नावावरून. वर्ग 'सदस्य' म्हणून केला असता तर जँगो 'सदस्य_आयडी' शोधत बसला असता आणि टेबलात आहे 'यूजर_आयडी'. वर्ग 'यूजर' आणि टेबल 'ऑथ_यूजर', एवढे पाळले की तिन्ही टेबले हात न लावता जुळतात.

सेटिंग 'अकाउंट्स.यूजर' केले. मायग्रेशनची फाइल बनवायच्या आधीच कुणी 'मायग्रेट' चालवले तर 'डिपेंडन्सी ऑन ॲप विथ नो मायग्रेशन्स' येते, म्हणून आधी 'मेकमायग्रेशन्स अकाउंट्स'. पहिली फाइल तयार झाली. मग 'मायग्रेट', आणि अपेक्षेप्रमाणे 'इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्ट्री' : ॲडमिनचे पहिले मायग्रेशन त्याच्या अवलंबित्वाआधी, म्हणजे 'अकाउंट्स'च्या पहिल्याआधी लागलेले आहे.

ही तक्रार रास्त आहे. ॲडमिनचे पहिले मायग्रेशन 'जे काही यूजर मॉडेल असेल त्याच्या ॲपचे पहिले मायग्रेशन' यावर अवलंबून. कालपर्यंत ते 'ऑथ'कडे बोट दाखवत होते, आज सेटिंग बदलल्यावर 'अकाउंट्स'कडे, आणि त्याची नोंद 'जँगो_मायग्रेशन्स' टेबलात नाही. '--फेक' (न चालवताच झाल्याची नोंद करणे) लावून पळवाट मिळत नाही, कारण इतिहासाची तपासणी फेक करण्याच्या आधीच होते. ॲडमिन ॲप तात्पुरते काढून फेक करायची युक्ती काही जण वापरतात. पण यूजरला जोडलेली आपली स्वतःची ॲप्सही त्याच रांगेत असतात, किती काढणार? सरळ एसक्यूएलने 'जँगो_मायग्रेशन्स' मध्ये एक ओळ घालायची : ॲप 'अकाउंट्स', नाव पहिल्या मायग्रेशनचे, वेळ आत्ताची. तपासणी फक्त नोंद आहे का पाहते, वेळेचा क्रम पाहत नाही, तेव्हा जुनी तारीख टाकायचा खटाटोप नको.

पण ही ओळ घालून लगेच 'मायग्रेट' चालवायचे नाही. का, ते पुढच्या नोंदीत.

११ ऑगस्ट

कंटेंट टाइप. 'जँगो_कंटेंट_टाइप' टेबलात प्रत्येक मॉडेलची एक ओळ असते, ॲपचे नाव आणि मॉडेलचे नाव. परवानग्या त्या ओळीला टांगलेल्या, ॲडमिनचा बदल-इतिहासही तिलाच.

'मायग्रेट' संपल्यावर जँगो नव्या मॉडेलांच्या कंटेंट टाइप ओळी आणि परवानग्या आपोआप घालतो. जुनी 'ऑथ/यूजर' ओळ तशीच सोडून 'मायग्रेट' चालवले तर 'अकाउंट्स/यूजर' अशी दुसरी ओळ तयार होते, तिच्या चार कोऱ्या परवानग्यांसकट. सुपरवायझर ग्रुपला दिलेली 'यूजर बदलू शकतो' ही परवानगी जुन्या ओळीवर राहते आणि ग्रुप रिकाम्या हाताने बसतो. मागाहून जुन्या ओळीचे ॲप-नाव बदलायला जावे तर ॲप आणि मॉडेल या जोडीवर युनिक बंधन आहे, अपडेट फेटाळला जातो. आणि कुणी उत्साहाने 'रिमूव्ह_स्टेल_कंटेंट_टाइप्स' चालवले तर जुनी ओळ परवानग्यांसकट साफ.

म्हणून क्रम असा : एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये मायग्रेशनची ओळ घालणे आणि कंटेंट टाइपच्या जुन्या ओळीचे ॲप-नाव 'ऑथ'वरून 'अकाउंट्स' करणे. अपडेटने बरोबर एक ओळ बदलली पाहिजे. शून्य किंवा दोन आली तर रोलबॅक. 'मायग्रेट' त्यानंतरच. ओळीचा आयडी तोच राहतो, त्यामुळे परवानग्या आणि ॲडमिनचा इतिहास दोन्ही जागच्या जागी.

परवानगी जागेवर राहिली तरी तिची हाक बदलते. कोडमध्ये परवानगी आहे का विचारणाऱ्या 'हॅज_पर्म' ला 'ऑथ.चेंज_यूजर' लिहिलेले असेल तर ते आता 'अकाउंट्स.चेंज_यूजर' व्हायला हवे. टेम्प्लेटमधले 'पर्म्स.ऑथ' तसेच. जुनी स्ट्रिंग राहिली तर एरर येत नाही, उत्तर नुसते 'नाही' येते. आणि सुपरयूजरला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'हो' मिळत असल्याने डेव्हलपरच्या मशीनवर सगळे हिरवेगार दिसते. तपासणी सुपरवायझरच्या खात्यानेच करायची, हे टेस्टमध्येही घातले.

१३ ऑगस्ट

टेबल जुळते का, याची खातरजमा. 'एसक्यूएलमायग्रेट'ने 'अकाउंट्स'च्या पहिल्या मायग्रेशनचे एसक्यूएल काढले आणि 'पीजी_डंप'च्या (पोस्टग्रेसची प्रत काढणाऱ्या साधनाच्या) फक्त रचना देणाऱ्या प्रतीशी ओळीने ओळ ताडून पाहिले. पासवर्ड १२८, यूजरनेम १५०, नाव आणि आडनाव १५०, ईमेल २५४. सगळे जुळले. फरक एकाच जागी : आयडी. डेटाबेसमध्ये 'इंटिजर', नव्या मायग्रेशनमध्ये 'बिगइंट', म्हणजे मोठा पूर्णांक.

'स्टार्टॲप'ने बनवलेल्या 'ॲप्स.पाय'मध्ये 'डीफॉल्ट_ऑटो_फील्ड' म्हणून 'बिग ऑटो फील्ड' लिहिलेले असते. जँगोचे स्वतःचे 'ऑथ' ॲप मात्र अजून साधे 'ऑटो फील्ड' वापरते. हे तसेच राहिले असते तर जँगोच्या समजुतीत यूजरचा आयडी बिगइंट आणि प्रत्यक्षात इंटिजर. यापुढे यूजरकडे जाणारी प्रत्येक नवी फॉरेन की बिगइंटची बनली असती. पोस्टग्रेस ते चालवून घेतो, मायएसक्यूएल फॉरेन कीच बनवू देत नाही. चालवून घेतले जाते म्हणूनच पोस्टग्रेसवर ही गोष्ट वर्षानुवर्षे लपून राहते. 'अकाउंट्स'च्या कॉन्फिगमध्ये 'ऑटो फील्ड' केले, पहिले मायग्रेशन पुन्हा बनवले. यूजरच्या आयडीला दोनशे चौदा कोटींची मर्यादा वागळे इस्टेटला पुरेल.

टेबलाचे नाव 'अकाउंट्स_यूजर' करावे का, यावर चर्चा झाली. 'ऑल्टर मॉडेल टेबल' जोडटेबलांसकट ते करून देतो, पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीजही मागोमाग येतात. पण अकाउंटंटच्या महिनाअखेरच्या रिपोर्टांचे एसक्यूएल थेट 'ऑथ_यूजर' वाचते. नाव बदलून मिळणार काय, तर नीटनेटकेपणा. नाही बदलले.

१५ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, गाळे बंद, गेटवर गाडी नाही. बदल आजच.

वेब प्रोसेस, सेलरी वर्कर (मागे चालणारी कामे) आणि क्रॉन (ठरल्या वेळी उठणारी कामे) तिन्ही थांबवले. क्रॉन विसरला जातो, आणि अर्ध्या कामात जुन्या कोडचा एखादा जॉब उठला तर तो जुन्याच मॉडेलने लिहितो. 'पीजी_डंप', आणि ती प्रत दुसरीकडे रिस्टोअर करून यूजर व चलने मोजली. नवे कोड चढवले. ट्रान्झॅक्शनमध्ये दोन विधाने, दोन्हीकडे एक-एक ओळ, कमिट. 'मायग्रेट --प्लॅन' : करण्यासारखे काही नाही. 'मेकमायग्रेशन्स --चेक --ड्राय-रन' : बदल नाही. ही दोन्ही उत्तरे अशीच आली पाहिजेत. प्लॅनमध्ये एक जरी ऑपरेशन दिसले तर थांबायचे, पुढे जायचे नाही. मग 'मायग्रेट', आणि कंटेंट टाइपमध्ये 'यूजर'ची एकच ओळ आहे हे पाहून सेवा सुरू.

कुणाचे लॉगिन सुटले नाही. सेशनमध्ये (चालू लॉगिनच्या साठवलेल्या नोंदीत) यूजरचा आयडी, बॅकएंडचा (लॉगिन तपासणाऱ्या वर्गाचा) पत्ता आणि पासवर्डच्या हॅशवरून काढलेली खूण असते. तिन्ही बदललेली नाहीत, सिक्रेट कीही तीच.

मागे फिरायची वाटही लिहून ठेवली : जुने कोड, मायग्रेशनची ओळ काढणे, कंटेंट टाइपचे नाव परत 'ऑथ'. रचना बदललेली नसल्याने एवढ्यावर काम भागते. नवे कॉलम आल्यावर ही वाट इतकी सोपी राहणार नाही.

१८ ऑगस्ट

दुसरे मायग्रेशन : मोबाइल, चलनावरचे नाव, भाषा.

चलनावरचे नाव एकाच फील्डमध्ये. नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव ही मराठी मांडणी जँगोच्या दोन खणांत बसवायला गेले की मधले नाव कधी इकडे, कधी तिकडे पडते. 'गेट_फुल_नेम' ओव्हरराइड केले : नवे फील्ड भरलेले असेल तर ते, नाहीतर जुने दोन जोडून.

मोबाइल : 'कॅरेक्टर फील्ड', युनिक, 'नल' (मूल्यच नाही) चालेल, 'ब्लँक' चालेल. एरवी मजकुराच्या फील्डला 'नल' देऊ नये म्हणतात, इथे द्यावेच लागते. रिकामी स्ट्रिंग दोन ओळींत आली की युनिक मोडते, नल कितीही चालतात. फील्डला 'नल' दिलेले असले की ॲडमिनचा फॉर्मही रिकामी चौकट नल म्हणूनच साठवतो.

नंबरची साफसफाई हेच या आठवड्याचे खरे काम. लोक +९१ लावतात, पुढे शून्य लावतात, पाच-पाच आकड्यांत फट सोडतात. हे अपेक्षित. अपेक्षित नसलेली गोष्ट म्हणजे देवनागरी आकडे. मराठी कीबोर्डवरून नंबर टाकला की आकडे देवनागरी येतात, आणि पायथनच्या रेगेक्समध्ये (मजकुराचा साचा तपासण्याच्या भाषेत) '\ड' (बॅकस्लॅश-डी) देवनागरी आकड्यांनाही आकडेच मानतो. दहा आकड्यांची तपासणी पास. डेटाबेसच्या लेखी मात्र तोच नंबर इंग्रजी आकड्यांत आणि देवनागरी आकड्यांत म्हणजे दोन वेगळ्या स्ट्रिंग, म्हणून युनिक बंधनाला पत्ता नाही आणि एका माणसाची दोन खाती. यूजरनेमवर जँगो जे एनएफकेसी नॉर्मलायझेशन (युनिकोडमधली समान चिन्हे एका रूपात आणणे) करतो त्यानेही देवनागरी आकडे बदलत नाहीत. इलाज : प्रत्येक आकडा 'युनिकोडडेटा.डेसिमल'मधून काढून इंग्रजी करणे, मग बाकी चिन्हे गाळणे, मग पुढचे जादा शून्य किंवा ९१ काढणे, आणि शेवटी शून्य ते नऊ असा उघड पल्ला दिलेल्या रेगेक्सने तपासणे. पहिला आकडा ६ ते ९. हे एकच फंक्शन फॉर्म, लॉगिन आणि डेटा मायग्रेशन तिघांनी वापरायचे.

यूजरनेमचीही अशीच एक गंमत. जँगोचा आयता व्हॅलिडेटर युनिकोड अक्षरे चालवतो, म्हणून मराठी यूजरनेम चालेल असे वाटते. 'कमल' चालते. 'कमला' चालत नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना पायथनचा रेगेक्स अक्षर मानत नाही. बिनकान्या-मात्रेचे नाव असलेल्यांपुरतीच ही सोय, तेव्हा यूजरनेम रोमनच ठेवायचे ठरले.

२० ऑगस्ट

मोबाइल हाच 'यूजरनेम_फील्ड' (जँगो ज्यावरून माणूस ओळखतो ते फील्ड) करायचा का? पहिला विचार तोच होता. एका गाळेवाल्याने फोनवर एका वाक्यात निकाल लावला : "अहो, गेटवर फोन एकच आणि माणसं तीन, नंबर कुणाचा टाकू?"

'यूजरनेम_फील्ड' युनिकच हवा आणि प्रत्येकाला हवा. गेटवरच्या पाळीतल्या तिघांना एकच फोन, म्हणजे दोघांना नंबर नाही. ईमेलची गत याहून वाईट, अख्ख्या गाळ्याला एकच ईमेल आणि तोही बहुतेकदा अकाउंटंटचा. शिवाय मोबाइल नंबर कायमचा नसतो, बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. जॉबवर्कला गेलेला माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो, तोपर्यंत चलन उघडे आणि त्यावरची सही एका ठरावीक माणसाची. म्हणून चलनाची फॉरेन की यूजरच्या आयडीला, 'ऑन_डिलीट' 'प्रोटेक्ट' (चलन असेपर्यंत यूजर पुसता येत नाही), आणि माणूस सोडून गेला तर खाते पुसायचे नाही, 'इज_ॲक्टिव्ह' काढायचे आणि मोबाइल नल करायचा.

'यूजरनेम_फील्ड' बदलला असता तर आणखीही काम होते. आयता 'यूजर मॅनेजर' पहिला आर्ग्युमेंट म्हणून यूजरनेम मागतो, त्यामुळे मॅनेजर नवा लिहिल्याशिवाय 'क्रिएटसुपरयूजर' चालत नाही. 'नॅचरल की'ने (आयडीऐवजी नावाने) काढलेली जुनी फिक्स्चर्सही (डेटाच्या फाइली) निरुपयोगी, कारण ती यूजरनेम_फील्डवरूनच माणूस शोधतात.

ठरले : यूजरनेम जागेवर, लॉगिनसाठी नवे बॅकएंड. गेटवरचे तिघे यूजरनेमने, बाकीचे मोबाइलने.

२२ ऑगस्ट

बॅकएंड 'मॉडेल बॅकएंड'वरून. आलेली स्ट्रिंग वरच्या फंक्शनमधून नेऊन दहा आकडी नंबर निघाला तर मोबाइलवर शोध, नाहीतर यूजरनेमवर. दोन बारीक जागा.

एक, काही जुन्या खात्यांचे यूजरनेमच मोबाइल नंबर आहे. अ चे यूजरनेम आणि ब चा मोबाइल एकच असेल तर कोण आत जाणार? अशी जोडी आहे का, हे क्वेरीने काढून सापडलेली यूजरनेम बदलली, आणि यापुढे नुसते दहा आकडे यूजरनेम म्हणून घेऊ नयेत असा व्हॅलिडेटर घातला.

दोन, माणूस सापडला नाही तरी पासवर्ड एकदा हॅश करायचाच. 'मॉडेल बॅकएंड' तसे करतो आणि नवे लिहिताना ते नेमके गळते. न केल्यास नसलेल्या नंबरला उत्तर झटकन येते, असलेल्याला सावकाश, आणि कुठले नंबर नोंदलेले आहेत हे बाहेरून मोजून काढता येते. जँगो ५.२ मध्ये पीबीकेडीएफ२ या हॅश करायच्या पद्धतीच्या दहा लाख फेऱ्या होतात, फरक चांगलाच जाणवतो.

लॉगिन फॉर्ममध्ये 'मॅक्सलेंथ' यूजरनेम_फील्डवरून येते, म्हणजे १५०. मोबाइल यूजरनेम_फील्ड करून लांबी १० ठेवली असती तर +९१ सकट पेस्ट केलेला नंबर ब्राउझरने दहा अक्षरांवर गुपचूप कापला असता आणि 'चुकीचा पासवर्ड'च्या तक्रारी आल्या असत्या.

सेटिंगमध्ये नवे बॅकएंड पहिले, जुने 'मॉडेल बॅकएंड' दुसरे. जुने आज काढले तर सगळे बाहेर फेकले जातील : प्रत्येक सेशनमध्ये बॅकएंडचा पत्ता लिहिलेला असतो, तो यादीत सापडला नाही की जँगो माणसाला अनोळखी ठरवतो. सेशनची मुदत १२,०९,६०० सेकंद, दोन आठवडे. तेवढे थांबायचे. तोवर चुकलेल्या प्रत्येक लॉगिनला दोन्ही बॅकएंड मिळून दुप्पट हॅशिंग होणार, ते सोसायचे.

जँगोची आवृत्ती मात्र या काळात हलवायची नाही. नव्या आवृत्तीत हॅशच्या फेऱ्या वाढलेल्या असतात. पुढच्या लॉगिनला हॅश नव्याने लिहिला जातो, आणि सेशनमधली खूण हॅशवरून असल्याने त्याच खात्याची दुसऱ्या उपकरणावरची लॉगिने सुटतात. ऑफिसच्या संगणकावर मालकाने लॉगिन केले की त्याच्या खिशातल्या फोनवरचे सुटते. खापर यूजर मॉडेलवर फुटते.

२५ ऑगस्ट

भाषा. फील्ड असले तरी 'लोकेल मिडलवेअर' (प्रत्येक रिक्वेस्टची भाषा ठरवणारा जँगोचा थर) ते पाहत नाही, ते यूआरएल, कुकी आणि ब्राउझरची भाषा पाहते. छोटे मिडलवेअर, 'ऑथेंटिकेशन मिडलवेअर'च्या खाली : माणूस लॉगिन असेल तर त्याची भाषा लागू. लॉगिनच्या सिग्नलमध्ये कुकी लावता येत नाही, तिथे रिस्पॉन्स हातात नसतो. सार्वजनिक पाने या मिडलवेअरमधून वगळली. 'रिक्वेस्ट.यूजर'ला स्पर्श झाला की सेशन वाचले जाते, पानाला 'व्हेरी : कुकी' (कुकीनुसार पान वेगळे, असा हेडर) लागते आणि कॅशचा उपयोग संपतो.

परवा गणपती, आता गौरी विसर्जन होईपर्यंत चालू सर्व्हरवर काही चढवायचे नाही.

८ सप्टेंबर

२२ ऑगस्टपूर्वीची सेशन्स संपली. सेशनचा मजकूर टेबलात एन्कोड केलेला असतो, त्यामुळे साध्या क्वेरीने बॅकएंडचा पत्ता शोधता येत नाही. शेलमध्ये 'गेट_डिकोडेड' वापरून मुदतीतली सेशन्स पाहिली, जुना पत्ता एकातही नाही. 'मॉडेल बॅकएंड' यादीतून काढले.

सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) 'मेकमायग्रेशन्स --चेक' कायमचे घातले. जँगोने पुढे कधी 'ॲब्स्ट्रॅक्ट यूजर'मधले एखादे फील्ड बदलले, जसे ३.१ मध्ये नावाची लांबी ३० वरून १५० केली, तर त्याचे 'ऑथ'मधले मायग्रेशन आपल्या टेबलाला हात लावणार नाही. स्वॅप केलेल्या मॉडेलवरची ऑपरेशन्स जँगो सोडून देतो. तो बदल 'अकाउंट्स'मध्ये आपणच बनवायचा.

उरलेले : मोबाइल बदलण्याचे पान, जुन्या आणि नव्या दोन्ही नंबरांवर ओटीपी. गेटवरच्या फोनसाठी पाळी बदलताना यूजर पटकन बदलायची सोय.